धाकटीची पांढरी डबी

आमच्या धाकट्या जावेला कुणी नावाने हाक मारलेली मी फारशी ऐकलेली नाही. घरात ती धाकटी, दुकानात मॅडम, आणि सासूबाई होत्या तोवर त्यांची, मूड चांगला असेल तेव्हाची हाक म्हणजे "अगं काळे". मूड बिघडलेला असला की काय म्हणायच्या ते इथे सांगत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मला आधीच तोंडाळ म्हणून नाव आहे.

लग्न होऊन आली तेव्हा ती सावळी नव्हती, काळी होती. 'सावळी' हा पाहुण्यांसमोर वापरायचा शब्द आहे. तुकतुकीत, घट्ट, स्वच्छ काळी कातडी. एक डाग नाही की एक पुटकुळी नाही. मी गोरी. पण माझ्या गालांवर वांग, कपाळावर जुन्या फोडांचे खड्डे आणि जरा उन्हात गेले की नाक लालेलाल. तरी घरात देखणी कोण, तर थोरली! पहिल्याच आठवड्यात सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वीज गेली तर हिला शोधायला दिवा लागायचा." सगळे हसले, धाकटीही हसली. ती हसली म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की हिला काही लागत नाही. मला मात्र असा राग आला होता की त्या दिवशी सगळ्यांच्या चहात साखर घालायची मी मुद्दाम विसरले.

आमच्या घराखाली रस्त्याला लागून एक खोली होती. मोडक्या खुर्च्या, जुन्या गाद्या, गळके डबे, असला सगळा पसारा तिथे. धाकटीने कुणाकडे तरी काम शिकून घेतलं, खोली रिकामी केली आणि पार्लर टाकलं. एक फिरती खुर्ची, एक बेसिन, भोवती दिवे लावलेला मोठा आरसा. माझं शिलाई मशीन वरच्या खिडकीशी असतं, त्यामुळे खाली कोण येतं, कोण जातं, कोण कुरकुरतं, सगळं मला बसल्या जागी कळतं.

तिच्या हाताला गुण होता. आणि एक सवय होती. कुणाच्याही तोंडाला काहीही लावण्याआधी ती आपल्या उजव्या हाताची मागची बाजू त्या बाईच्या गालावर टेकवायची. गाल गार लागला तर कामाला सुरुवात. तापलेला लागला तर म्हणायची, "आज नको ताई. घरी जा, गार पाण्याने तोंड धुवा, काही चोळू नका. परवा या." आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते म्हणून भावजी, म्हणजे तिचा नवरा, चिडायचे; ते ड्रायव्हर, गाडीच्या फेरीवरून घरी आले की हेच ऐकवायचे. ती म्हणायची, "डोळे फसतात, हात फसत नाही. आपल्यासारख्या काळ्या कातडीवर लाली कुठे दिसते? ती हातालाच कळते."

पण गिऱ्हाईक यायचं कुठे? बायका दारात यायच्या, खुर्ची बघायच्या, आरसा बघायच्या, मग हिच्याकडे बघून विचारायच्या, "मॅडम कुठंयत?" हातात झाडू नसला तरी विचारायच्या. एकदा तर तिने सरळ सांगून टाकलं, "बाहेर गेल्यात. बसा, येतील." ती बाई बसून बसून कंटाळून निघून गेली. धाकटी वर येऊन मला हे सांगताना पोट धरधरून हसत होती. मग माझ्या कापडांच्या ढिगावर बसली, आणि हसू कधी थांबलं ते तिलाही कळलं नाही.

अशात तो मालवाला आला. स्कूटरला दोन पिशव्या लावून सगळ्या पार्लरांना क्रीम, मेण, पावडरी पुरवायचा. गोड बोलणारा, लाकडालाही पाझर फोडेल असा. "मॅडम," तो म्हणाला, "लोक आधी तुमचं तोंड बघतात, मग तुमचं काम." आणि त्याने पिशवीच्या तळातून एक ट्यूब काढून दिली. खरं तर ते खाजेवरचं औषध. साध्या क्रीममध्ये कालवायचं आणि रात्री लावायचं. सगळ्या मोठ्या पार्लरांत हेच चालतं म्हणाला.

तिने आधी स्वतःला लावलं. महिना-दोन महिन्यांत तिचं तोंड उजळलं, असं उजळलं की मान आणि तोंड दोन वेगळ्या बायकांची वाटावीत. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी माणसात आलीस." भावजी तिला घेऊन फोटो काढायला गेले, ते आयुष्यात पहिल्यांदा. दुकानाच्या दारात दोन फोटो लागले, एक लग्नातला आणि एक हा नवा, शेजारी शेजारी. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. मग काय, खाली बाकावर बसायला जागा मिळेना. धाकटी ते क्रीम कालवून लहान लहान पांढऱ्या डब्यांत भरायची. डबीवर नाव नव्हतं, तर बायकांनीच नाव पाडलं, 'पांढरी डबी'. आमचा अर्धा संसार त्या डबीवर उभा राहिला. आता 'मॅडम कुठंयत' असं कुणी विचारत नव्हतं.

आणि इथेच सगळ्यांची फसगत झाली. डबी संपली आणि एखादीने पुन्हा नेली नाही, की पाचसहा दिवसांत ती धावत यायची. तोंड तापलेलं, खाजतंय, आग होतेय. पुन्हा डबी दिली की दुसऱ्या दिवशी गार. बायका म्हणायच्या, "बघा, या डबीशिवाय माझ्या तोंडाचं काही खरं नाही." धाकटीलाही तेच वाटायचं. माल चांगला असल्याशिवाय का बायका परत येतात? जी आग डबीने लावली, तिच्यावर पाणी म्हणून डबीच विकली जात होती, हे त्या खोलीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

वर्षं गेली. धाकटीचे गाल पातळ होत गेले, कांद्याच्या सालीसारखे. आतल्या बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव आली. गॅससमोर ती उभी राहीना. मी रोज एकटीने स्वयंपाक रेटते आणि ही खाली पंख्यासमोर, याचा मला वैताग यायचा. "मॅडमना धग सोसत नाही," असं मी भांड्यांना ऐकवायचे. ती गुमान ओलं फडकं गालावर दाबून बसायची. दिवसा बाहेर पडणंही तिने सोडलं. वरच्या जिन्यापासून खालच्या शटरपर्यंत, एवढंच तिचं जग राहिलं.

एकदा तिने लावणं बंद करून पाहिलं. मला सांगितलं, "ताई, माझी तब्येत बरी नाही असं सांगा सगळ्यांना." शटर ओढून घेतलं. तीनचार दिवसांनी मी जेवण घेऊन गेले तर मला तिचं तोंड बघवेना. सुजलेलं, सोललेलं, पाणी सुटलेलं. तिने आरशावर चादर टाकली होती. बाहेर बायका शटर वाजवत होत्या, भावजी फोनवर ओरडत होते. त्याच संध्याकाळी तिने डबी उघडली. सकाळी शटर वर, मॅडम खुर्चीशी हजर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती.

मग ती तोंडाला ओढणी गुंडाळून, दूरच्या भागातल्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आली ती जिन्यातच बसली. "त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे ताई," ती म्हणाली. "कातडीला त्याची सवय लागते. सोडलं की कातडी पेटते. त्या म्हणाल्या, सोडवता येतं, पण हळूहळू, औषध घेऊन, आणि सोसावं लागतं."

"मग सोड की!"

"आणि खाली काय सांगू? दारातला फोटो कुणाचा आहे?"

  झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि उठली. पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली नाही. एक गोष्ट मात्र तिने त्या दिवसापासून केली. डब्यांच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. कारण घरात तिची पोरगी वयात आली होती.

पोरगी हुबेहूब आईवर गेलेली. म्हणजे 'आधी'च्या फोटोतल्या आईवर. तसाच रंग, तशीच घट्ट कातडी, फक्त वयाप्रमाणे पुळ्या येत होत्या. तिच्या तोंडासाठी धाकटी जिवाचं रान करायची. साधा साबण, अंघोळीनंतर ओल्या अंगावरच लावायचं साधं क्रीम, बाहेर जाताना उन्हाचं क्रीम. ते लावलं की पोरगी राख फासल्यासारखी दिसायची, म्हणून धाकटीने फिरून फिरून न दिसणारं असं एक शोधून आणलं. लिंबू चोळलेलं कळलं तेव्हा केवढी ओरडली! "पुळी फोडू नकोस, काही घासू नकोस. आपल्या कातडीवर पुळी आठवड्यात जाते, पण तिचा डाग वर्षभर मुक्काम ठोकतो."

पण पोरीला हवी होती डबी.

"दुकानात येणाऱ्या ऐऱ्यागैऱ्या सगळ्यांना देतेस," पोरगी एकदा जिन्यात उभी राहून ओरडली, "आणि पोटच्या पोरीला कुलूप! तू गोरी झालीस, मला काळंच राहायचं? माझ्यापेक्षा चांगलं दिसायचंय तुला!"

मी वरून ऐकत होते. आता ही बोलेल, मग बोलेल म्हणून वाट बघत होते. धाकटीने कमरेची किल्ली चाचपली आणि आत गेली. बोलणार काय? ते वाईट आहे म्हणावं, तर पोरगी विचारणार, मग विकतेस कशी? चांगलं आहे म्हणावं, तर कुलूप का? आपल्याच डबीत ती झाकण लावून बसली होती. तिचं दुकान गेलं असतं, अब्रू गेली असती, तेही तिने सोसलं असतं एक वेळ. पण पोरीचं तोंड आपल्यासारखं होऊ नये, एवढ्या एकाच गोष्टीवर तिचा जीव अडकला होता.

पोरीची एक किडकिडीत मैत्रीण होती. दर महिन्याला यायची, "मावशीसाठी" म्हणून डबी न्यायची. पोरीची मैत्रीण म्हणून धाकटी तिची डबी जरा काठोकाठ भरायची. त्याच सुमाराला पोरीच्या पुळ्या गेल्या, तोंडही जरा खुललं, आणि धाकटीला वाटलं हा आपल्या साध्या साबणाचा गुण. मग सुट्ट्या लागल्या आणि ती मैत्रीण गावाला गेली.

सुट्टीतच एक दिवस पोरगी केस कापून घ्यायला खुर्चीत बसली. धाकटीने सवयीने हाताची मागची बाजू तिच्या गालावर ठेवली. मी ब्लाउजचं माप घ्यायला खाली आले होते, म्हणून मी पाहिलं. धाकटीचा हात तिथेच राहिला. आरशात काहीच दिसत नव्हतं. पोरीचं तोंड थोडं अधिक काळं, ओठांभोवती जरा करडं, एवढंच. लाल म्हणावं असं काही नाही. धाकटीने दुसरा गाल पाहिला, मग कपाळ, आणि पुन्हा गाल.

"कधीपासून लावतेस?"

"काय? उन्हात गेले होते."

"उन्हाचा ताप वेगळा असतो. हा कुठला आहे ते मला सांगू नकोस. कधीपासून?"

पोरगी रडायला लागली आणि मग सगळं निघालं. मावशी नव्हतीच, आणि मैत्रीण गावाला गेल्यापासून डबीही नव्हती. महिन्यामागून महिने कपाटाला कुलूप घालून, किल्ली कमरेला लावून, धाकटीने स्वतःच्या हाताने कालवून, काठोकाठ भरून पोरीसाठीच डब्या दिल्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ. धाकटीने कात्री खाली ठेवली आणि त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. मी दोघींना सोडून वर गेले नाही, एवढंच मला करता आलं.

डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघी गेलो. त्या स्वतः चांगल्या काळ्या, त्यामुळे मला लगेच आवडल्या. म्हणाल्या, "आपल्या रंगावर जळजळ लाल दिसत नाही, काळी दिसते. मुलींना वाटतं रंग काळवंडला, म्हणून आणखी लावतात. आणि आणखी जळतं." पोरीचं अजून लवकर सुटेल, आईला वेळ लागेल. दोघींना औषधं दिली, कमी कसं करायचं ते समजावलं, आणि आधी जळणार हेही सांगून टाकलं. पोरगी जमिनीकडे बघत ऐकत होती. बाहेर आल्यावर आईला म्हणाली, "आधी तू सोड. मग मी."

धाकटीने सोडलं. कपाटातल्या डब्या तिने एकेक करून बेसिनमध्ये धुतल्या. हळूहळू सोडलं, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी पेटायचं ते पेटलंच. शटर अर्धं खाली, आत अंधार, ही पंख्यासमोर ओलं फडकं धरून. पोरगी म्हणाली, मीही सोडलं.

रोज सकाळी पोरगी बाहेर पडताना धाकटी तिच्या गालाला हात लावायची. एकदा मी विचारलं, "कसं आहे?"

"गार आहे ताई."

"चला, बरं झालं. तिला त्रास तरी नाही."

"बरं नाही झालं," धाकटी म्हणाली. तिला ओठ हलवतानाही दुखत होतं. "सोडलं असतं तर गरम लागलं असतं. गार आहे, म्हणजे लावते आहे. समोरच्या दुकानात मिळतात आता तसल्याच डब्या."

"मग विचार की तिला! कान पकड!"

"कुठल्या तोंडाने?"

भावजी गाडी घेऊन लांबच्या फेरीवरून आले. हिचं तोंड बघून दारातच थबकले. "हे काय करून घेतलंस? लाव ते परत आणि उघड दुकान. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "भावजी, लोकांना म्हणू द्या, ते तसेही रिकामेच असतात." ते माझ्यावर डाफरले, जेवले आणि पुन्हा फेरीवर गेले. धाकटी रात्र झाली तरी तशीच बसून होती. सोडायचं ते सोडून झालं होतं, आणि ज्या एका पोरीसाठी सोडलं, ती रोज गार गाल घेऊन समोरून जात होती.

पुढच्या सोमवारी मला खिडकीतून शटरचा आवाज आला. पूर्ण वर जाण्याचा. मी वाकून बघते तर आतले सगळे दिवे लावलेले, फडकं बाजूला, आणि धाकटी त्या तोंडाने आपल्या फिरत्या खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून बसलेली. मी मशीन सोडून खाली पळाले. पोरगी जिन्यात उभी होती, खांद्याला पिशवी, बाहेर पडायच्या बेतात.

जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई आली. आत डोकावली. "मॅडम कुठंयत?"

"मीच."

बाईने दारातला 'नंतर'चा फोटो पाहिला, मग हिला पाहिलं. "अगं बाई! काय झालं हे? माझी डबी..."

"डबी बंद. तुम्हीही बंद करा, पण एकदम नको. मी डॉक्टरीणबाईंचा पत्ता देते. त्या डबीने असं होतं." तिने स्वतःच्या गालाकडे बोट केलं. "मला कळलं होतं. कळल्यावरही मी तुम्हाला विकली."

बाईला समजायला जरा वेळ लागला, आणि समजल्यावर तिने जे तोंड सोडलं, ते ऐकून मीसुद्धा गार पडले. माझ्या लेकीला दिली, माझ्या सुनेला दिली, तुझं वाटोळं होईल! रस्त्यावरची माणसं थांबली. बाईने दारातला 'नंतर'चा फोटो ओरबाडून काढला, पायाखाली घातला आणि गेली. मी मध्ये पडणार होते, पण धाकटीने हाताने अडवलं.  मान खाली घालून बसली नव्हती ती. तोंड वर करून, सगळ्यांना दिसेल असं बसली होती. सगळं ओसरल्यावर मी वळून पाहिलं, तर जिन्यात पोरगी नव्हती. पिशवी तेवढी पायरीवर पडली होती.

त्यानंतर गिऱ्हाईक असं आलंच नाही. येऊन शिव्या देऊन जाणाऱ्या मात्र बऱ्याच आल्या, आणि पत्ता मागून नेणाऱ्या दोघीतिघी. धाकटी रोज शटर पूर्ण वर करायची. रोज पोरीच्या गालाला हात लावायची. मी विचारायचं सोडून दिलं होतं.

मग एका सकाळी खालून तिची हाक आली, "ताई! ताई, खाली या! लवकर!" काहीतरी अभद्र झालं असं वाटून मी अर्धी बाही मशीनखाली तशीच सोडून धावले. बेसिनपाशी पोरगी उभी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. धाकटीने माझं मनगट धरलं आणि माझा हात पोरीच्या गालावर टेकवला. आरशात पाहिलं तर काही नाही. पण हाताला चटका बसेल एवढा तो गाल तापला होता.

"खूप जळतंय आई," पोरगी म्हणाली. "त्या बाईने तुझा फोटो ओढला त्या दिवसापासून लावलं नाही. आता नाही सहन होत."

आणि आमची धाकटी हसत होती. तिचे ओठ फुटलेले होते, हसताना त्यांतून रक्त येत होतं, तरी हसत होती. पोटच्या पोरीचं तोंड भाजतंय म्हणून आनंदाने हसणारी आई मी पहिल्यांदाच पाहिली.

"जळू दे गं बाळा," ती म्हणाली. आपल्या गालावरचं ओलं फडकं तिने टर्रकन मधोमध फाडलं, अर्धं पोरीला दिलं आणि पंख्यासमोरच्या बाकावर थोडं सरकून बसली.